थराथराचं

मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर सकाळी साडेनऊला बंद होतं. पाटी लावलेली नाही, एवढंच. पोळ्या, वरण, भाजी, रात्रीची कणीक, सगळं पहाटे साडेपाचला सुरू करून तोवर उरकायचं, ओटा पुसायचा, खिडकीवर पडदा ओढायचा आणि कूलरच्या खोलीत येऊन बसायचं. त्यानंतर गॅस पेटतो तो फक्त चहासाठी, आणि तोही ज्याला हवा त्यानं पेटवायचा. अकरानंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरला तर चटका बसतो. पुण्याच्या लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, "आमच्याकडेही हल्ली फार उकडतं हो." उकडत असेल. पण उकडणं वेगळं आणि भाजणं वेगळं. तिकडे माणूस उकडतो, इथे नागपुरात भाजून निघतो.

२३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या बाल्कनीतली तुळस दुपारी दोन ते चार एवढ्या वेळात वाळली होती. मग २०२४च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले. दोन दिवस सगळ्या देशात आमचं नाव झालं आणि मग कळलं की यंत्राचा सेन्सरच बिघडला होता. आमच्या ओळखीतल्या काही लोकांना याचं मनापासून वाईट वाटलं.

तर अशा महिन्यात नणंदेची मुलगी पुण्याहून सुटीला आली आणि म्हणाली, "मामी, एक नो-बेक डेझर्ट करू या. न भाजता करायचं."

न भाजता. नागपुरात. मे महिन्यात. मला हसू आवरेना.

तिचं म्हणणं सोपं होतं. बिस्किटांचा थर, त्यावर क्रीमचा, त्यावर ताज्या फळांचा, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. ओव्हन नको, गॅस नको. फळ कोणतं, तर अर्थातच संत्रं. "नागपूरला येऊन संत्र्याशिवाय कसं चालेल?"

इथे सासूबाईंनी मान वर केली. वय ब्याऐंशी, माहेर काटोलकडचं, वडिलांची संत्र्याची बाग. "मे महिन्यात संत्रा? कुठून आणतेस बाई?" आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतं. मृग बहाराची फुलं जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, फार तर एप्रिलपर्यंत. मे महिन्यात बाजारात जे नारिंगी दिसतं ते शीतगृहातलं किंवा दुरून आलेलं. शिवाय ज्याला मृग बहार धरायचा असतो तो शेतकरी एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणीच तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं पानं मुडपून उभं राहतं, आणि मग पहिल्या पावसाबरोबर फुलांनी लदबदून जातं. सासूबाई म्हणाल्या, "आमचे बाबा मे महिन्यात बागेत जायचेच नाहीत. झाडांकडे पाहवत नाही म्हणायचे." भाचीनं हे ऐकून घेतलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "मग आंबा चालेल?"

आंबा चालणार होता. पण कोणता, हा प्रश्न होताच. आमच्या घरी उन्हाळ्यात दोन प्रकारचे आंबे येतात: रसाला गावरान आणि कापून खायला बैगनफल्ली. गावरान आंब्याला वास आहे, आंबटगोड चव आहे, पण त्याच्या फोडी होत नाहीत, नुसत्या दशी हातात येतात. थरासाठी बैगनफल्लीच हवा. आंध्रातल्या बनगानपल्ले या गावावरून त्याचं नाव पडलं आणि इकडे येईतो आम्ही ते आमच्या जिभेला जमेल तसं करून घेतलं. गर घट्ट, दशी नाहीत, कोय पातळ. गोकुळपेठच्या बाजारात सकाळी सात वाजता गेलं तर नीट निवडून घेता येतो. नवाच्या पुढे गेलात तर तो हातगाडीवरच गरम झालेला असतो. सगळी रास एकसारखी लखलखीत पिवळी दिसली तर मी पुढच्या गाडीकडे जाते. कार्बाइडवर बंदी आहे हे मला माहीत आहे, गाडीवाल्यालाही माहीत आहे. देठापाशी वास घ्यायचा, बस.

भाचीला टरबूजही घालायचं होतं, रंगासाठी. टरबुजात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणी. तो थर म्हणजे थराखाली तळं. अननसाचंही नाव निघालं आणि तिथे मात्र मी ठाम राहिले, कारण तो धडा मी माझ्या पैशानं शिकले आहे. काही वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला मी कच्च्या अननसाचे तुकडे मलईत कालवून ठेवले होते आणि संध्याकाळपर्यंत ते कडू झाले होते. कडू म्हणजे कारल्यासारखे. अननसात प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, तेच दुधातल्या प्रथिनांना फोडत बसतं आणि कडवटपणा येतो. अननस आधी शिजवून घेतला की ते द्रव्य मरतं, म्हणून डब्यातल्या अननसाला काही होत नाही. पपई आणि किवी यांची खोडही तीच. बायका अजून कधी भेटल्या की त्या हळदीकुंकवाची आठवण काढतात.

पहिला प्रयत्न भाचीच्या पद्धतीनं झाला. तिनं दुकानातून फ्रेश क्रीमची दोन पाकिटं आणली आणि रवी घेऊन बसली. क्रीम फुगून उभं राहिलं पाहिजे म्हणे, भांडं उलटं केलं तरी पडता कामा नये. पंधरा मिनिटं घुसळलं. क्रीम होतं तसंच पातळ. मग पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: स्निग्धांश २५ टक्के. फुगायला निदान तीस-पस्तीस टक्के तरी लागतो, आणि शिवाय सगळं गार लागतं, क्रीम, भांडं, रवी, खोलीसुद्धा. क्रीम घुसळताना त्यातले तुपाचे कण एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत धरतात. ते कण गारठून कडक असतील तरच भिंत उभी राहते. आमच्या खोलीत कूलर लावूनही चौतीस अंश. तिथे तूप भिंत कसली धरणार? ते पातळ क्रीम आम्ही दुसऱ्या दिवशी आमरसात घालून संपवलं. तक्रार कुणाची नव्हती.

दुसऱ्या वेळी जेली. वर एक पारदर्शक थर, आत आंब्याच्या फोडी, फोटोत दिसायला देखणा. भाचीनं जिलेटिन आणलं. ते हाडा-कातड्यापासून होतं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि सासूबाईंना ते चालणार नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी एक वाटी निराळी काढली, बाकीचं भांडं फ्रिजमध्ये गेलं. जेली छान धरली. आणि दुपारी एक वाजता लाईन गेली.

लाईन जाणं म्हणजे काय हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. मे महिन्यात सगळ्या शहराचे कूलर आणि एसी एकाच वेळी चालतात, आणि गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर एक दिवस धप् असा आवाज करतो. त्यानंतर माणसं बाहेर येतात, एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडची पण गेली काय?" आपल्याच घरची गेली नाही याचं जरा समाधान होतं आणि सगळे आत जातात. त्या दिवशी ती चार तास आली नाही. तेवढ्या वेळात मुलांनी पाण्यासाठी, बर्फासाठी आणि नुसतंच आत डोकं घालून गार वाटावं म्हणून फ्रिज कितीदा उघडला असेल, देव जाणे. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांना विरघळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. आमच्या घरी त्याला जिभेपर्यंत यायची गरजच पडली नाही. संध्याकाळी भांड्यात आंब्याचं सार होतं आणि त्यावर बिस्किटं तरंगत होती.

त्याऐवजी चायना ग्रास वापरला असता तर तो टिकला असता. तो समुद्रातल्या शेवाळापासून होतो, एकदा धरला की ऐंशीच्या पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. पण तो आधी उकळावा लागतो. म्हणजे गॅस. भाची म्हणाली, गॅस पेटवला तर मग मजा काय राहिली? जेलीचा विषय तिथेच संपला.

या दोन्ही प्रयत्नांत सासूबाई दारापाशी खुर्ची टाकून पाहत होत्या. बोलल्या फारसं नाहीत. त्यांची मूळ शंका निराळीच होती. "काय करून राहिल्या गं तुम्ही दोघी? चुलीवर काही चढलंच नाही, अन् गोड केलं म्हणता." त्यांच्या हिशोबात ज्याला आच लागली नाही ते केलेलं नसतं, ते नुसतं मांडलेलं असतं. काकडी चिरली तर तिला कोणी स्वयंपाक केला म्हणत नाही. आणि मे महिना तर त्यांच्या आयुष्यभर आचेचाच महिना होता. पहाटे तीनला उठून कुरडयांचा चीक शिजवायचा, उन्हं चढायच्या आत गच्चीवर घालायचा. मग पापड, शेवया, सांडगे. चुलीपुढे अर्धा स्वयंपाक आणि उरलेला अर्धा उन्हात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला गच्चीवर कावळे हाकायला बसवलं होतं, छत्री घेऊन. ते मी अजून विसरलेले नाही आणि त्यांनाही ते ठाऊक आहे.

तिसऱ्या वेळी त्याच म्हणाल्या, "ते क्रीम-बीम राहू दे. चक्का कर."

चक्का! श्रीखंडाच्या देशात राहून मला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते. चक्क्याला फुगावं लागत नाही, तो मुळातच उभा असतो. आंबट असतो म्हणून आंब्याच्या गोडीला पेलतो आणि फळाच्या आंबटपणानं फाटत नाही, कारण तो आधीच फाटून बसलेला आहे. अडचण एकच. मे महिन्यात आमच्याकडे दही चार तासांत लागतं आणि सहा तासांत आंबट ढोण होतं. दही धरणाऱ्या जंतूंना चाळीसच्या आसपासची ऊब हवी असते आणि ती त्यांना इथे कपाटातसुद्धा मिळते. बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत तोंडात घालवत नाही. म्हणून दीड किलो दही फडक्यात बांधून चाळणीवर, चाळणी पातेल्यावर, आणि अख्खं प्रकरण फ्रिजमध्ये, आठ तास. साधारण साडेपाचशे ग्रॅम चक्का निघाला. खालचं पाणी टाकू नका, त्यात दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवा.

फ्रिज नव्हता तेव्हा तुम्ही काय करायचा, असं भाचीनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, मडक्याच्या वर टांगायचा. माठ ओसरीत, जिथून वारा वाहतो तिथे ठेवलेला. त्यावर ओलं फडकं, आणि वर खुंटीला चक्क्याची पुरचुंडी, तिलाही ओल्या कापडाचा वेढा. रात्रभर त्या कापडावर पाणी शिंपडायला एक माणूस नेमलेला असायचा. "कोण?" "मी. अजून कोण?" माठ काय आणि कूलर काय, युक्ती एकच: कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि जाताना उष्मा घेऊन जातं. म्हणून आमचा कूलर मे महिन्यात राजा असतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली, की नुसता गरगरत बसतो.

या कोरड्या हवेचा आणखी एक गुण मला त्या आठवड्यात कळला. नागपुरात मे महिन्यात बिस्किटांचा पुडा उघडा राहिला तरी बिस्किटं कुरकुरीत राहतात. आम्ही मात्र थर लावायची तयारी कूलरसमोर केली, आणि मारीची बिस्किटं दहा मिनिटांत सादळली, कारण कूलर गारव्याबरोबर ओलही फेकतो. थर दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली, घाम पुसत लावावा लागला.

तो असा लावला. चक्का हातानं मऊ मळून त्यात सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर आणि विलायची. दाणेदार साखर घातली तर ती विरघळेपर्यंत चक्का सैल होतो. चार मोठे आंबे सोलून बोटभर फोडी, आणि त्या फडक्यावर पसरून कोरड्या केलेल्या. फोडींना साखर लावायची नाही, लावलीत की त्या रडायला लागतात. वाटीभर गार दूध. बिस्किट दुधात टाकायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि काढायचं. तीन म्हटलंत तर ते बोटांतच राहतं. लग्नात आहेर आलेलं आणि वीस वर्षं कपाटात वाट पाहत बसलेलं काचेचं चौकोनी भांडं काढलं, म्हणजे थर बाहेरून दिसतील. बिस्किटं, चक्का, आंबा, असं तीनदा. सगळ्यात वर चक्का, आणि त्यावर चारोळी. ही चारोळी आमच्या विदर्भाच्या जंगलातली. मे महिन्यात चारं पिकतात, बाया ती टोपलीत घेऊन टेंभरांच्या शेजारी विकायला बसतात. वरचा गर खाऊन मुलं बी फेकतात, आणि त्या बीच्या आतला दाणा मग आपण किराणा दुकानातून महाग विकत घेतो.

पुढचं काम भांड्याचं. बिस्किट कोरडं असतं, चक्का ओला. रात्रभर ओल हळूहळू वर-खाली सरकत राहते, बिस्किट मऊ होतं आणि चक्का घट्ट. सकाळी दोघांच्या मध्ये सुरी सरळ जाते. यात कोणाचं कौशल्य नाही, फक्त फ्रिज न उघडण्याचं आहे.

आणि रात्री सव्वादोनला लाईन गेली.

आम्ही सगळे उठलो. पुरुष मंडळी गच्चीवर सतरंज्या घेऊन गेली, भाची माझ्याकडे पाहायला लागली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सासूबाई अंधारात फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात वाळ्याचा पंखा. "कोणी हात लावायचा नाही," म्हणाल्या. "गारठा आत आहे तो आतच राहू द्या." मी म्हटलं, "आई, तुम्ही झोपा, मी बसते." तर म्हणाल्या, "मला कुठं झोप आहे? तू वर जा." बंद फ्रिज तीन-चार तास सहज गार राहतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी वाचलं नव्हतं. धाकट्या मुलानं पाण्यासाठी दोनदा प्रयत्न केला, त्याला दोनदा माठाकडे पाठवण्यात आलं. पाच वाजता लाईन आली तेव्हा त्या खुर्चीतच डुलकी घेत होत्या आणि पंखा खाली पडला होता.

दुपारी जेवणानंतर भांडं बाहेर काढलं. मी सुरी घातली, चौकोन उचलला आणि तो उभा राहिला. बिस्किटांची तपकिरी रेघ, पांढरा चक्का, पिवळा आंबा, पुन्हा रेघ. भाचीनं फोटो काढायला सुरुवात केली, मी म्हटलं लवकर कर, इथे पाच मिनिटांच्या वर काही उभं राहत नाही.

सासूबाईंनी बशी डोळ्यांजवळ नेली, थर निरखले, चमच्यानं तिन्ही थर एकदम तोडून खाल्ले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तं सरगुंडे-रस झाले."

भाचीला सरगुंडे माहीत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. पिठाची बारीक दोरी वळायची, ती काडीवर वेटोळं-वेटोळं गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची, सुपात वाळवायची. खायच्या दिवशी वाफवायची. ताटात खाली सरगुंडे, वर आमरस. सरगुंड्याच्या पोकळीत रस शिरतो, आणि थोडा वेळ तसंच ठेवलं तर पीठ रस पिऊन मऊ होतं. "तुझं बिस्किट, माझं सरगुंडं. फरक इतकाच, की तू दुकानातून आणलं." एवढं बोलून त्यांनी बशी पुढे केली. "आणखी वाढ. याला नाव काय म्हणालीस?"

भाचीनं इंग्रजी नाव सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. "थराथराचं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरी ते थराथराचं.

संध्याकाळी त्यांनी भाचीला बोलावून विचारलं, पुढच्या वेळी बिस्किटांच्या जागी सरगुंडे घातले तर? वाफवायला गॅस लागेल, भाची म्हणाली. लागू दे, त्या म्हणाल्या, पहाटे पेटवू. करायचे असतील तर ऊन आहे तोवरच करायला हवेत, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला आहे, एका दिवसात खडखडीत वाळतील. काड्या कुठून आणायच्या यावर बरीच चर्चा झाली. नव्या खराट्याच्या चालतील असं ठरलं.

भाचीनं मोबाइलवर पहाटे पाचचा गजर लावला. सासूबाईंनी विचारून खात्री केली आणि तो साडेतीनचा करायला लावला.